वजन उतरल्यावर धावायला लागताना



पहाटे साडेपाचच्या सुमारास गावाबाहेरच्या डांबरी रस्त्यावर जरा उभे राहा. भरतीची पोरे धावताना दिसतील. पोलीस भरतीला मुलांना १६०० मीटर धावावे लागते, मुलींना ८०० मीटर. त्यासाठी ही मुले महिनोन्‌महिने रस्ता तुडवीत असतात. अलीकडे त्यांच्या मागून आणखी एक माणूस येताना दिसतो. वय चाळीस-पंचेचाळीस, सदरा दोन मापांनी ढगळ, आणि कमरेच्या पट्ट्याला खिळ्याने पाडलेली नवी भोके. या माणसाने वर्षभर तोंडावर ताबा ठेवून वजन उतरवलेले असते आणि आता त्याला धावायचे असते.

हा माणूस मीच होतो. माझे वजन ९६ किलो होते. रक्तात साखर निघाली, डॉक्टरांनी समजावून सांगितले, आणि दहा-अकरा महिन्यांत मी ७२ किलोवर आलो. रोज चालणे, रात्री अर्धी भाकरी, चहातली साखर बंद, एवढाच काय तो उपाय. गावात मात्र चर्चा वेगळीच. "गुरुजी, तब्येत बरी हाय न्हवं?" असे जो तो विचारी. आई तर जेवायला बसलो की म्हणे, "किती वाळलास रं, कुणाची दृष्ट लागली?" मला मात्र अंगात वारे भरल्यासारखे वाटत होते. पूर्वी शाळेचा जिना चढताना धाप लागे, आता दोन-दोन पायऱ्या ओलांडत होतो. मनात आले, पाठीवरचे धान्याचे पोते उतरले आहे, मग आता पळायला काय हरकत? आणि एके दिवशी भरतीच्या पोरांच्या मागे निघालो.

पहिले तीन आठवडे छान गेले. पाचव्या आठवड्यात उजव्या नडगीत ठणका लागला. सहाव्या आठवड्यात फळ्याजवळ उभे राहून शिकवणे जमेना. पहिल्या एक्स-रेत काही दिसले नाही. हाडाची बारीक चीर पहिले दोन-तीन आठवडे पुष्कळदा एक्स-रेत उमटतच नाही. पुढे ती दिसली, आणि मी दोन महिने खुर्चीवर बसून वर्ग घेतला. मुलांना गंमत वाटली. मला वाटली नाही, कारण घरी बसून चार किलो वजन परत चढले.

हे कशाने झाले? वजन तर कमी झाले होते, पायांवरचा भार हलका झाला होता! इथेच आमचा हिशेब चुकतो. सहावी-सातवीच्या मुलांना घालण्याजोगे गणित आहे, शिक्षक मित्रांनी जरूर घालावे. चालताना एक पाय नेहमी जमिनीवर असतो, म्हणून प्रत्येक पावलाला पायावर आपल्या वजनाच्या फार तर सव्वापट भार येतो. धावताना दोन्ही पाय क्षणभर जमिनीवरून सुटतात आणि सारे अंग एका पायावर येऊन पडते. त्या वेळी भार अडीचपटीच्या आसपास जातो. आता ९६ किलोचा माणूस चालत असेल, तर सव्वापटीने झाले १२० किलो. आणि ७२ किलोचा माणूस धावत असेल, तर अडीचपटीने झाले १८० किलो. म्हणजे हलका झालेला मी धावताना पायांना पूर्वीच्या जाड गुरुजींपेक्षा दीडपट जड होतो! हळू धावताना एका किलोमीटरला साधारण १२०० पावले पडतात, त्यातली ६०० एका पायावर. सहाशे वेळा १८० किलो. पायांनी असला भार पूर्वी कधी घेतलेलाच नव्हता.

आता दुसरी गोष्ट. केवळ खाणे कमी करून वजन उतरवले, तर उतरलेली सगळीच चरबी नसते. ढोबळमानाने पाव हिस्सा तरी स्नायूंचा वगैरे असतो. हाडेही थोडी विरळ होतात, कारण हाडांना भार वाहायची सवय असते आणि भार कमी झाला की तीही आटोपते घेतात. अर्धी भाकरी खाल्ली हे ठीक होते, पण तिच्याबरोबरची उसळही मी निम्मी केली होती. ते चुकले. डाळी, मटकी-हुलग्याची उसळ, दूध, दही, अंडी, चालत असेल त्यांना मासळी-मटण, हे वजन उतरवतानाही कमी करू नये. आणि धावण्यापूर्वी महिना-दोन महिने बैठका माराव्यात. तालमीत घाम गाळलेल्या म्हाताऱ्यांना हे सांगावे लागत नाही. पायरीवर उभे राहून टाचा वर-खाली केल्या, तर पोटरी आणि टाचेची शीर यांना त्याहून स्वस्त औषध नाही.

तिसरी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची, कारण नवशिका फसतो तो तिथेच. शरीराचे सगळे भाग सारख्या वेगाने तयार होत नाहीत. हृदय आणि श्वास काही आठवड्यांतच सुधारतात. स्नायू त्यांच्या मागून येतात. हाडे आणि कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणाऱ्या दोऱ्या, यांना महिने लागतात. हाडाचे काम दगडी बांधाच्या डागडुजीसारखे आहे. खिळखिळा दगड आधी काढावा लागतो, मग त्या जागी नवा बसतो. मधल्या काळात तिथे भोक असते. नवा भार आला की हाड असेच जुना भाग काढते आणि मग नवा भरते, आणि या मधल्या आठवड्यांत ते पूर्वीपेक्षाही कच्चे असते. नेमके तेव्हाच श्वास म्हणतो, "चल, आणखी एक फेरी मारू." पाचव्या आठवड्यात माझे हेच झाले. दम होता, म्हणून मी पळालो. नडगीला कुणी विचारलेच नाही.

म्हणून दमाचे न ऐकता हाडाचे ऐकायचे. ते कसे, हे सांगतो.

हळू धावणे ही विद्या तशी जुनी, पण सामान्य माणसापर्यंत ती न्यूझीलंडमधून आली. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये आर्थर लिडियार्ड या प्रशिक्षकाच्या दोन शिष्यांनी, पीटर स्नेल आणि मरे हालबर्ग यांनी, सुवर्णपदके जिंकली. हेच लिडियार्ड पुढे पोट सुटलेल्या, वय झालेल्या माणसांना हळूहळू धावायला शिकवू लागले, आणि १९६२ साली ऑकलंड शहरात अशा लोकांचे मंडळ निघाले. त्याच वर्षअखेरीस अमेरिकेतील बिल बॉवरमन हे नामांकित प्रशिक्षक तिथे गेले. वय पन्नाशीचे, आपण धडधाकट आहोत अशी खात्री. या मंडळींबरोबर ते धावायला निघाले, आणि एका सत्तरी उलटलेल्या गृहस्थाने त्यांना मागे टाकले. बॉवरमन मायदेशी परतले, त्यांनी आपल्या गावात असेच वर्ग काढले, आणि १९६७ साली एका हृदयरोगतज्ज्ञाला बरोबर घेऊन या विषयावर पुस्तक लिहिले. त्या साऱ्या पद्धतीची कसोटी एकच आहे : धावता धावता शेजारच्याशी बोलता आले पाहिजे. वाक्य तुटायला लागले की वेग जास्त झाला.

पुढे १९९६ साली जॉश क्लार्क या अमेरिकन तरुणाने नवशिक्यांसाठी एक आराखडा केला, तो मुख्यतः आपल्या आईच्या उपयोगी पडावा म्हणून. ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवा अशाच नऊ आठवड्यांच्या आराखड्याचा प्रचार करते. त्यातला पहिला आठवडा असा : पाच मिनिटे झपझप चालायचे, मग एक मिनिट धावायचे, दीड मिनिट चालायचे, असे वीस मिनिटे. आठवड्यातून फक्त तीन दिवस, आणि मध्ये एकेक दिवस सुट्टी. पुढे धावण्याची मिनिटे वाढत जातात आणि नवव्या आठवड्यात अर्धा तास सलग धावता येते. आराखडा उत्तम आहे, पण माझे मत असे की, वीस-पंचवीस किलो उतरवलेल्या चाळिशीच्या माणसाने त्यातला प्रत्येक आठवडा दोनदा करावा. नवाचे अठरा आठवडे झाले, तरी आपल्याला कुठे भरतीची तारीख गाठायची आहे?

कुणी म्हणेल, आपल्या बीड जिल्ह्यातल्या अविनाश साबळेचेही सैन्यात असताना वजन वाढले होते, ते उतरवून तो धावपटू झालाच ना? झाला, आणि २०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने ३००० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत रौप्यपदक मिळवले. पण तेव्हा तो विशीत होता, लहानपणापासून रोज काही किलोमीटर तुडवीत शाळेला गेलेला होता, आणि पाठीशी सैन्यातले प्रशिक्षक होते. त्याचा अभिमान जरूर धरावा, वेळापत्रक मात्र धरू नये.

दुखणे कोणते सोसावे आणि कोणते नाही, हेही कळले पाहिजे. मांडीत, पोटरीत दोन्हीकडे सारखे आंबल्यासारखे वाटले, तर तो नवेपणा आहे, दोन दिवसांत जातो. पण हाडावर एकाच ठिकाणी बोट ठेवून "इथे दुखते" असे दाखवता येत असेल, धावताना दुखणे वाढत जात असेल, रात्री अंथरुणातही ठणकत असेल, तर त्याच दिवशी धावणे थांबवून डॉक्टरांना दाखवावे. मी तेल चोळत बसलो आणि आणखी आठ दिवस पळालो.

ज्यांना साखरेची गोळी किंवा इन्सुलिन चालू आहे, त्यांनी पुढचे नीट ऐकावे. वजन उतरले की पूर्वीचा डोस पुष्कळदा जास्त ठरतो. त्यात उपाशीपोटी धावले, तर साखर एकदम खाली जाते : हातपाय थरथरतात, दरदरून घाम येतो, डोळ्यांपुढे अंधारी येते. एकदा गावओढ्याच्या पुलावर मी असाच मटकन बसलो. एका दूधवाल्या पोराने सायकल थांबवली नसती, तर काय झाले असते कोण जाणे. तेव्हा डोस आधी डॉक्टरांकडून तपासून घ्यावा आणि खिशात साखरेची किंवा ग्लुकोजची पुडी ठेवावी. रक्तदाबाच्या गोळ्यांचेही तसेच, वजन उतरल्यावर त्याही कधी कमी कराव्या लागतात. परंतु स्वतःच्या मनाने गोळी बंद करू नये. छातीत दुखत असेल, थोड्या श्रमाने चक्कर येत असेल, घरात कुणाला तरुणपणी हृदयविकार झाला असेल, तर हृदयाची तपासणी झाल्याशिवाय एक मिनिटसुद्धा धावू नये.

बाकी बारीकसारीक गोष्टी. वजन उतरल्यावर कधी पाऊलही किंचित लहान होते, आणि जुन्या बुटांचे तळ जुन्या वजनाने एका बाजूला झिजलेले असतात, म्हणून बूट नवे घ्यावेत. महागच हवेत असे नाही, मापाचे हवेत. सैल पडलेली कातडी मांडीला, काखेत घासून सोलवटते, तिथे थोडे खोबरेल लावावे. अंगावरची चरबी गेल्याने थंडीही पूर्वीपेक्षा जास्त वाजते, तेव्हा पौषातल्या पहाटे कानटोपी घालायला लाजू नये. धावायला डांबरी रस्त्यापेक्षा शाळेचे मैदान बरे, वाहनांची भीती नाही आणि कुत्रीही कमी. पांदण सपाट असेल तर उत्तम, पण अंधारात खड्डा दिसत नाही.

बायाबापड्यांचा प्रश्न निराळा आहे. आमच्या शाळेतल्या एका बाईंनी बाळंतपणानंतर वाढलेले अठरा किलो उतरवले. त्यांनाही धावायचे होते, पण गाव काय म्हणेल, ही धास्ती. शेवटी आशाताई आणि आणखी दोघीजणी मिळून चौघी शाळेच्या मैदानावर जमू लागल्या. शाळा भरण्यापूर्वी अर्धा तास, दारातला दिवा लावून. पहिले पंधरा दिवस कुंपणाशी पोरे हसत उभी राहत. मग कंटाळली. चौघींमध्ये बोलणे अखंड चालते, त्यामुळे वेगाची कसोटी आपोआप लागते. पुरुषांना हे जमत नाही. दोघे शेजारी धावू लागले की शर्यतच लागते.

मी पुन्हा सुरुवात केली ती गेल्या दिवाळीनंतर. एक मिनिट धावणे, दीड मिनिट चालणे. पहिल्या दिवशी मला चालताना पाहून भरतीतला एक मुलगा, माझाच जुना विद्यार्थी, थांबून म्हणाला, "सर, दमलात का?" म्हटले, "नाही रे, पाळी चालण्याची आहे." तो हसला आणि पुढे गेला. आता फाल्गुन चालू आहे. सलग बारा मिनिटांपर्यंत आलो आहे, आणि नडगीवर रोज रात्री अंगठ्याने दाबून पाहतो.