पिंपाच्या तळचा गाळ

गोव्याच्या गावात पहाटे सायकलीचा भोंगा वाजला, की पोदेर आल्याचं घराघरांत कळतं. त्याच्या टोपलीतला पाव पूर्वी माडाच्या सुरेवर, म्हणजे माडीवर, फुगवत. पाव पोर्तुगिजांबरोबर आला, पण तो फुगवायला इथला माड धावून आला. माडावर चढून रेंदेरानं उतरवलेली सूर बघता बघता फसफसू लागते, ती तिच्यात आपसूक वाढणाऱ्या यीस्टमुळे. आता बहुतेक भट्ट्यांमध्ये विकतचं यीस्ट वापरतात.

यीस्ट म्हणजे एकपेशीय बुरशी. तिची पेशी साधारण मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढी किंवा त्याहूनही लहान. तिच्या अंगावर कळी फुटते आणि त्या कळीचीच नवी पेशी होते. साखर खाऊन ती मद्यार्क आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकते. पाववाल्याला यातला वायू हवा असतो, बिअरवाल्याला मद्यार्क. मळलेल्या मैद्यातल्या ग्लुटेनच्या जाळीत वायू कोंडतो आणि गोळा फुगतो. भट्टीत यीस्ट मरतं, मद्यार्क बहुतांशी उडून जातो आणि जाळी आहे तशी घट्ट होते. इडलीच्या पिठाचं फुगणं मात्र मुख्यतः जिवाणूंचं काम.

हजारो वर्षं माणसानं यीस्टला न ओळखताच कामाला लावलं होतं. ते सजीव आहे आणि आंबण्यामागे त्याचाच हात आहे, हे एकोणिसाव्या शतकात लुई पाश्चरच्या प्रयोगांनी पक्कं केलं. 1883 मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल हान्सेननं एकाच पेशीपासून शुद्ध यीस्ट वाढवलं. तेव्हापासून बिअरची चव नशिबावर सोडावी लागली नाही. 1897 मध्ये एदुआर्द बुखनरनं यीस्ट चिरडून काढलेल्या रसानंही साखर आंबते हे दाखवलं. विकरांच्या अभ्यासाचा पाया त्यातून घातला गेला आणि 1907 मध्ये बुखनरला नोबेल मिळालं.

बिअर काढून घेतल्यावर पिंपाच्या तळाशी यीस्टचा गाळ उरतो. इंग्लंडमधल्या बर्टन गावात 1902 पासून या गाळाचा अर्क काढून मार्माइट नावाचा काळा, खारट लगदा विकला जाऊ लागला. पुढे त्याचं मोल कळलं ते मुंबईत.

लूसी विल्स ही इंग्रज डॉक्टर 1928 मध्ये परळच्या हाफकिन संस्थेत आली. कापडगिरण्यांत राबणाऱ्या गरीब गरोदर बायकांना जीवघेणा रक्तक्षय होत होता. त्यांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी संख्येनं कमी आणि आकारानं मोठ्या असत. विल्सनं त्यांच्या ताटात काय पडतं ते पाहिलं, उंदीर-माकडांवर प्रयोग केले आणि रुग्णांना स्वस्तातलं मार्माइट दिलं. रक्त सुधारू लागलं. हे निष्कर्ष 1931 मध्ये प्रसिद्ध झाले. यीस्टमधला तो गुणकारी घटक म्हणजे फोलेट. 1941 मध्ये तो पालकातून वेगळा काढण्यात आला. फोलेट नसेल तर पेशीला डीएनए नीट घडवता येत नाही, विभाजन अडतं आणि पेशी नुसतीच फुगत राहते.

यीस्टमध्ये प्रथिनं आणि ब गटातली बरीच जीवनसत्त्वं असतात. ब-12 मात्र ते स्वतः बनवत नाही, म्हणून पोषणासाठी यीस्ट घेणाऱ्या शाकाहाऱ्यांनी हे जीवनसत्त्व वेगळं मिसळलं आहे का, हे डब्यावर वाचावं.

आज आपल्याकडे गरोदर बाईच्या हातात लोह आणि फॉलिक अ‍ॅसिडची गोळी ठेवली जाते. तिच्यामागे परळची ती प्रयोगशाळा आहे, गिरणीत राबून थकलेल्या त्या बायका आहेत आणि पिंपाच्या तळाशी उरलेला तो गाळही आहे.