विमान कंपनीचे, मेकॅनिक कंत्राटदाराचा!

दहावी-बारावीचा निकाल लागला की नांदेड-लातूरच्या आपल्या वस्त्यांमधून एकच प्रश्न विचारला जातो, पोराला कुठे घालायचे? आयटीआयला की डिप्लोमाला? अलीकडे त्यात विमान देखभालीच्या कोर्सचीही भर पडली आहे. 'विमानाचा इंजिनिअर' हे शब्द ऐकले की आईबापाची छाती अभिमानाने फुगते. कुणी सोने गहाण टाकतो, कुणी भविष्य निर्वाह निधीतून पैसे काढतो. स्वप्न पाहणे गैर नाही. आपल्या मुलांनी विमानाच्या इंजिनाला हात लावू नये, असे कोण म्हणेल? पण त्या हाताला दाम किती मिळणार आणि तो कोण देणार, हे पाहिल्याशिवाय घर गहाण टाकू नये, एवढेच या लेखाचे सांगणे आहे.

काम मोलाचे, कामगार स्वस्त

विमान सुखरूप उतरते त्याचे श्रेय आपण पायलटला देतो. पण प्रत्येक उड्डाणाआधी कुणीतरी टायर, ब्रेक, इंजिन, तेल तपासलेले असते. ठरावीक तास उडाल्यावर विमानाची लहान तपासणी होते आणि काही वर्षांनी ते जवळजवळ पूर्ण उघडून पाहिले जाते. दुरुस्तीनंतर लायसन्सधारक इंजिनिअरने सही केल्याशिवाय विमान आकाशात जाऊ शकत नाही. त्या एका सहीमागे मात्र अनेक टेक्निशियनांचे कष्ट असतात. पाना त्यांच्या हातात असतो, सही दुसऱ्याची असते.

पूर्वी हे सारे लोक विमान कंपनीच्या पगारपत्रकावर असत. मग कंपन्यांनी हिशेब मांडला. स्वतःचे कामगार ठेवले तर पगारवाढ, निवृत्तीवेतन, युनियन हे सारे आले. त्यापेक्षा काम बाहेर दिले तर ठरलेली रक्कम मोजून मोकळे होता येते. काम घेणारी कंपनी कमी दराची बोली लावते. सुटे भाग आणि यंत्रसामग्री यांच्या किमती तिच्या हातात नसतात. हातात असते ती फक्त मजुरी. म्हणून बोलीतली सारी काटकसर शेवटी कामगाराच्या ताटातून होते.

अमेरिकेत नॉर्थवेस्ट एअरलाइन्सने मेकॅनिक व सफाई कामगारांच्या निम्म्या जागा कमी करण्याचा आणि पगार सुमारे पाव हिश्श्याने कापण्याचा प्रस्ताव ठेवला, तेव्हा ऑगस्ट २००५ मध्ये सुमारे ४,४०० कामगार संपावर गेले. कंपनीने बदली माणसे घेतली, काम बाहेर दिले, आणि संप मोडला. अमेरिकी विमानांच्या दुरुस्तीचे बरेच काम एल साल्वादोरसारख्या गरीब देशात गेले. तिथल्या मेकॅनिकला काम मिळाले, पण अमेरिकेतला पगार मिळाला नाही. म्हणजे दोष त्या गरीब मेकॅनिकचा नव्हे. एका कामगाराला दुसऱ्यासमोर उभे करून दोघांची मजुरी पाडण्याची ही रीत आहे.

आपल्याकडे काय घडले?

एअर इंडियाने देखभालीचे काम वेगळे काढून त्यासाठी एअर इंडिया इंजिनिअरिंग सर्व्हिसेस ही स्वतंत्र कंपनी उभी केली. नागपूरच्या मिहानमधील दुरुस्ती केंद्र याच कंपनीचे. २७ जानेवारी २०२२ रोजी एअर इंडिया टाटांच्या ताब्यात गेली, तेव्हा ही देखभाल कंपनी त्या विक्रीत गेली नाही. म्हणजे विमान एका मालकाचे आणि दुरुस्ती दुसऱ्याची, अशी फारकत झाली. या कंपनीच्या टेक्निशियन भरतीच्या जाहिराती पाहा. कायम नोकरीऐवजी ठरावीक मुदतीचा करार, हाच त्यांतला मोठा भाग असतो. करार संपत आला की पुढचा होईल की नाही, या धास्तीत माणूस पगारवाढ मागायला कचरतो.

खासगी कंपन्यांत स्वतःचे टेक्निशियन असले तरी बाजारातला दर पडलेलाच असतो. कोरोनाच्या काळात पगार कापले गेले. पुढे विमाने पुन्हा भरून उडू लागली, तरी पगार पूर्ववत होईना. तेव्हा जुलै २०२२ मध्ये इंडिगोच्या हैदराबाद आणि दिल्लीतील टेक्निशियनांनी सामूहिक आजारपणाच्या रजा टाकल्या. विमानाला सुरक्षित ठेवणाऱ्या माणसाला आपले गाऱ्हाणे सांगायला आजारी पडावे लागले!

आपल्या नांदेडचेच घ्या. २७ एप्रिल २०१७ रोजी उडान योजनेत नांदेड-हैदराबाद विमानसेवा मोठ्या थाटात सुरू झाली. काही वर्षांत ती चालवणारी कंपनीच बंद पडली. त्याआधी २०१२ मध्ये किंगफिशर बुडाली, तेव्हा तिच्या कर्मचाऱ्यांचे कित्येक महिन्यांचे पगार थकलेले होते.

लातूरचा कारखाना, एसटीचा डेपो

हे फक्त विमानांचे नाही. लातूरच्या रेल्वे डबे कारखान्याचे भूमिपूजन ३१ मार्च २०१८ रोजी झाले, तेव्हा मराठवाड्यातल्या घराघरांत रेल्वेच्या नोकरीची आशा पालवली. आपल्या समाजाला रेल्वेने फार दिले आहे. गँगमनचा मुलगा क्लार्क आणि क्लार्कची मुलगी डॉक्टर झाल्याची उदाहरणे गावोगाव आहेत. पुढे, २०२३ मध्ये वंदे भारत शयनयान गाड्या बांधण्याचा करार रशियन भागीदारी असलेल्या कंपनीशी झाला आणि लातूरचा कारखाना त्या कामासाठी ठरला. त्याच करारात या गाड्यांची ३५ वर्षांची देखभालही कंपनीकडे आहे. गाडी रेल्वेची, पण ती दुरुस्त करणारा माणूस रेल्वेचा नोकर असेलच असे नाही.

एसटीतही तेच चालले आहे. २०१७ पासून भाड्याच्या शिवशाही गाड्या आल्या, नंतर भाड्याच्या इलेक्ट्रिक बसगाड्या. गाडीसोबत चालक मालकाचा आणि दुरुस्तीही मालकाची. डेपोतल्या मेकॅनिकच्या जागा भरण्याची गरजच उरत नाही.

इथे आपल्या समाजाचा दुहेरी तोटा होतो. जागा सरकारी असेल तर तिथे आरक्षण आहे, बढतीची वाट आहे. तीच जागा कंत्राटदाराकडे गेली की संविधानाने दिलेला हक्क फाटकाबाहेर राहतो. आरक्षण रद्द करण्याचा ठराव कुणी मांडत नाही. ज्या जागेवर ते लागू होते ती जागाच नाहीशी होते.

बाबासाहेबांनी हे आधीच ओळखले होते

१२ व १३ फेब्रुवारी १९३८ रोजी मनमाडला जीआयपी रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांची परिषद भरली. गँगमन म्हणून लागलेला आपला माणूस गँगमनच राहतो, वर्कशॉपमध्ये हमाल म्हणून लागलेल्याला मिस्त्री होऊ दिले जात नाही, ही वस्तुस्थिती बाबासाहेबांनी तिथे मांडली. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत, असे त्यांनी बजावले. आज आपली मुले मिस्त्रीच काय, विमानाचे इंजिन उघडण्यापर्यंत पोचली आहेत. पहिल्या शत्रूने अडवलेले दार आपण शिक्षणाने उघडले. आत गेल्यावर दुसरा शत्रू करारपत्र घेऊन बसला आहे.

पालकांनी काय करावे?

कोर्सला पैसे भरण्यापूर्वी संस्थेला नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची म्हणजे डीजीसीएची मान्यता आहे का, हे पाहावे. कोर्स संपला म्हणजे लायसन्स मिळाले असे नव्हे. त्यासाठी डीजीसीएच्या परीक्षा उत्तीर्ण व्हाव्या लागतात आणि प्रत्यक्ष कामाचा अनुभव लागतो. लायसन्सवाल्याचा आणि बिनलायसन्सवाल्याचा पगार यांत फार मोठे अंतर असते. म्हणून परीक्षा अर्धवट सोडू नयेत.

आयटीआय झालेल्यांनी अप्रेंटिसशिप चुकवू नये. कंत्राटावर लागलात तर नियुक्तीपत्र, पगाराची पावती, भविष्य निर्वाह निधीचा क्रमांक ही तीन कागदे घरात जपून ठेवावीत. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या कामगार संहितांनुसार प्रत्येक कामगाराला नियुक्तीपत्र देणे बंधनकारक आहे, आणि मुदतीच्या करारावरील कामगार एका वर्षानंतर ग्रॅच्युइटीला पात्र ठरतो. सर्वोच्च न्यायालयानेही २०१६ मध्ये पंजाबमधील हंगामी सरकारी कर्मचाऱ्यांच्या खटल्यात समान कामाला समान वेतनाचे तत्त्व मान्य केले. याच संहितांमध्ये कंत्राटी कामगारांच्या तरतुदी लागू होण्याची मर्यादा २० वरून ५० कामगारांवर नेली आहे, हेही लक्षात ठेवावे. लहान कंत्राटदाराकडचा कामगार त्यामुळे आणखी एकटा पडला आहे.

म्हणून युनियन हवी, आणि ती कायम व कंत्राटी अशा दोघांची मिळून हवी. कायम कामगार कंत्राट्याला परका मानील, तर उद्या त्याचीच जागा कंत्राटात जाईल. विहारातल्या रविवारच्या बैठकीत वंदनेनंतर अर्धा तास या विषयाला द्या. वस्तीतला निवृत्त रेल्वे कामगार, एसटीचा मेकॅनिक आणि नुकताच कामाला लागलेला टेक्निशियन यांना एकत्र बसवा. करारपत्र मोठ्याने वाचून दाखवा. आपल्या मुलाने सही कशावर केली आहे, हे आईलाही कळले पाहिजे.

जयभीम!