हाडांचा हिशोब

दुपारी एकच्या सुमारास सिंगापूरच्या चांगी बिझनेस पार्कातल्या बँकांच्या नि आयटी कंपन्यांच्या इमारतींतून माणसं जेवायला खाली उतरतात. त्या गलक्यात मराठी कानावर पडतंच. इथल्या हॉकर सेंटरांत, म्हणजे सार्वजनिक खाण्याच्या मंडयांत, उष्टे ट्रे ठेवायला हलाल आणि बिगरहलाल असे वेगळे रॅक असतात. तीन हजार वर्षांनी कुणी असे उष्ट्याचे ढीग उकरले, तर डुकराची हाडं एकाच ढिगात का, हा प्रश्न त्याला पडेल. इथली माणसं काय खात होती याबरोबर कोण कशाला शिवत नव्हतं, तेही त्याला हाडांवरून कळेल.

महाराष्ट्रात अशा ढिगांचा अभ्यास पुण्याच्या डेक्कन कॉलेजात रुजला. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी असलेल्या इनामगावला कॉलेजच्या सांकलिया, ढवळीकर आणि अन्सारी यांनी 1968पासून अनेक हंगाम उत्खनन केलं. अहवाल आला 1988मध्ये. इ.स.पू. 1600 ते 700 या काळातलं ते शेतकऱ्यांचं गाव. तिथल्या घरांवर, लहान मुलांच्या कुंभदफनांवर भरपूर लिहिलं गेलं. पण घराशेजारच्या खड्ड्यांतून निघालेली हाडं पोत्यांनी पुण्याला येत होती, त्यांच्याकडे वाचकांचं फारसं लक्ष गेलं नाही. पी. के. थॉमस आणि प्रमोद जोगळेकर यांनी अशा हाडांवर आयुष्य घालवलं. मुकुंद काजळे यांनी जळक्या धान्याकडे पाहिलं, आरती देशपांडे-मुखर्जी यांनी शिंपल्यांकडे.

काम किचकट आहे. मेंढी आणि शेळी यांची हाडं इतकी सारखी, की ठरावीक हाडांचे ठरावीक भाग हाती आले तरच निवाडा होतो. गाय, म्हैस आणि नीलगाय यांच्या तुकड्यांतही तोच घोळ. म्हणून आधी आजच्या जनावरांचे सांगाडे जमवायचे आणि प्रत्येक तुकडा त्यांच्याशी ताडून पाहायचा. वय दातांवरून ठरतं. आपल्याकडच्या बैलबाजारातला दलाल जबडा उघडून ‘आदत’, ‘दोनदाती’, ‘जुळलेला’ म्हणतो, तीच विद्या इथे जास्त काटेकोर झालेली असते. लांब हाडांची टोकं सांधली नसतील तर जनावर कोवळं होतं. कोवळे नर जास्त मेले असतील तर कळप बहुधा दुधासाठी. म्हातारे बैल सापडले तर ते नांगराला किंवा ओझ्याला.

इनामगावात गाई-बैलांची हाडं मुबलक आहेत, आणि त्यांतल्या काहींवर कापल्याच्या, भाजल्याच्या खुणा आहेत. त्याच गावात मातीच्या झाकणबंद पात्रात स्त्रीमूर्ती मिळाली. वर बिनशिराची आणखी एक स्त्रीमूर्ती आणि सोबत बैल. बैलाच्या पाठीला भोक, या बिनशिराच्या मूर्तीच्या पोटाला भोक, म्हणजे काडीने ती देवी बैलावर बसवता येई. पूजेचा बैल आणि ताटातला बैल एकाच वस्तीत नांदत होते. यावर आज कुणी खवळेल, कुणी टाळ्या वाजवील. मला दोन्ही सारखेच बालिश वाटतात. ज्या जनावरावर घर चालतं त्याच्याशी माणसाचं नातं एकपदरी नसतंच.

जनावरांच्या खुणा इतरत्रही मिळाल्या. दायमाबादचे ब्राँझचे हत्ती, गेंडा, म्हैस आणि बैलजोडीचा रथ 1974मध्ये सापडले. एकूण वजन साठ किलोंहून जास्त, त्यामुळे कौतुक त्यांचंच झालं. विदर्भात माहुरझरीच्या महापाषाणी दफनांत घोडा सापडला, तोंडावर तांब्याची आभूषणं ल्यालेला. हाडांवर शस्त्राच्या खुणाही होत्या. तेलंगणातल्या उतनूरला पुरातत्त्वज्ञ ऑल्चिन यांना शेणाच्या राखेच्या टेकाडात गुरांच्या खुरांचे ठसेच मिळाले. एवढं थेट पुरातत्त्वात क्वचितच काही हाती येतं.

सर्वांत वादाचा भाग इनामगावच्या शेवटाचा. इ.स.पू. 1000नंतर चौकोनी घरं जाऊन गोल झोपड्या आल्या. पाऊस कमी झाला, शेती खचली आणि लोक मेंढपाळीकडे व शिकारीकडे वळले, असं ढवळीकरांनी मांडलं. या मांडणीवर पुढे आक्षेपही आले, आणि ते योग्यच; झोपडीच्या आकारावरून पाऊस मोजता येत नाही. हाडं, परागकण आणि धान्य एकत्र वाचल्याशिवाय निकाल लागणार नाही.

आता हाड नसलं तरी काम अडत नाही. गुजरातेत कोटडा भाडली इथल्या 59 खापरांत मुरलेल्या चरबीवरून सुमारे इ.स.पू. 2500च्या काळातलं दूध 2020मध्ये ओळखता आलं. तसाच शोध इनामगावच्या जोर्वे संस्कृतीच्या चोचीच्या भांड्यांत घेतला, तर त्यांतून काय ओतलं जात होतं तेही कळेल. खापरं डेक्कन कॉलेजातच आहेत.