पूररेषा कोणी आखायची?

छावणीतल्या लोखंडी पुलाखालून वाहणाऱ्या खाम नदीला शहरातली बरीच माणसं अजूनही ‘नाला’च म्हणतात. नदीचं नाव गेलं की काठावर दोन गोष्टी बिनदिक्कत सुरू होतात. रात्री कचऱ्याची पिशवी खाली भिरकावली जाते आणि घराची मागची भिंत हातहातभर पात्राकडे सरकते. मग एखाद्या पावसाळी रात्री पाणी उंबरठा ओलांडून आत येतं आणि सकाळी सगळी गल्ली महापालिकेच्या नावानं बोटं मोडते.

खरं तर छत्रपती संभाजीनगर वसलं तेच या नदीच्या आधारानं. १६१० मध्ये मलिक अंबरनं शहर उभारायला घेतलं ते खडकी गाव खामच्या काठचं. मकई, महेमूद आणि बारापुल्ला हे दरवाजे नदीवरच्या जुन्या पुलांच्या तोंडाशी उभे आहेत. पाणचक्कीही नदीला लागूनच. जटवाड्याच्या डोंगरातून निघालेली खाम हर्सूल तलावातून शहरात शिरते, छावणी ओलांडते आणि वाळूजवरून पुढे नाथसागर जलाशयाला जाऊन मिळते. त्याच नाथसागरातून उपसलेलं पाणी शहराच्या नळाला येतं. खाममध्ये जे सोडलं, ते फिरून आपल्याच हंड्यात यायला रस्ता मोकळा आहे.

मराठवाड्याला पुराचं काय भय, असं बाहेरच्याला वाटतं. वर्षाकाठी सातशे मिलिमीटरच्या आगेमागे पाऊस आणि उन्हाळ्यात टँकरच्या रांगा. पण पूर वर्षाच्या बेरजेवर येत नाही. दोन तासांत किती कोसळलं आणि त्यातलं किती जमिनीनं पोटात घेतलं, यावर तो ठरतो. इथं मातीच्या पातळ थराखाली काळा बसाल्ट. डोंगर जवळ, उतार तीव्र. वस्त्या वाढल्या तशी मोकळी जमीन सिमेंटच्या रस्त्यांखाली आणि फरशांखाली गेली. वर धो धो पडलेलं पाणी खाली पोचायला फार वेळ लावत नाही.

पोचल्यावर ते अडतं कुठं, हे पाहायला एखाद्या नळकांडी पुलाजवळ जायला हवं. सिमेंटच्या पाइपांवर भराव टाकून केलेले हे छोटे पूल नाल्यांवर जागोजागी दिसतात. आधी बाभळीची एक फांदी पाइपाच्या तोंडाशी आडवी बसते. तिला साडीचा फाटका तुकडा गुंडाळला जातो. त्यावर कॅरीबॅग, थर्माकोलच्या पत्रावळ्या, कुणीतरी टाकून दिलेली गादी. गादी एकदा भिजून बसली की पाइपाला बूचच लागलं. वरून येणारं पाणी मग रस्ता शोधतं आणि तो शेजारच्या गल्लीतून सापडतो. मेअखेरीला घाईघाईनं उरकलेली नालेसफाई अशा वेळी फारशी उपयोगी पडत नाही, कारण काठावर काढून ठेवलेला गाळ पहिल्याच सरीत पुन्हा आत जातो.

पूर आणि कचरा ही दोन खाती वेगळी नाहीत, हा धडा शहराला २०१८ मध्ये चांगलाच मिळाला. त्या फेब्रुवारीत नारेगावच्या आणि आसपासच्या गावकऱ्यांनी वर्षानुवर्षं सोसलेल्या कचरा डेपोवर गाड्या येऊ देणार नाही, असं ठरवलं. शहरभर ढीग साचले. मार्चमध्ये मिटमिट्यात कचरा टाकायला झालेला विरोध तर दगडफेक आणि जाळपोळीपर्यंत गेला. घराघरात ओला-सुका कचरा वेगळा करण्याची गोष्ट इथं गंभीरपणे सुरू झाली ती त्यानंतर.

त्या धडपडीतूनच पुढं खामकडे लक्ष गेलं. २०२१ च्या सुरुवातीला महापालिका, स्मार्ट सिटी, छावणी परिषद, व्हॅरॉक ही इथलीच कंपनी आणि इकोसत्व ही पर्यावरणात काम करणारी संस्था यांनी मिळून नदी पुनरुज्जीवनाची मोहीम हाती घेतली. पात्रातला राडारोडा उपसला, काठ कापून उतरते केले, त्यांना दगडांचा आधार दिला, देशी झाडं लावली. उभ्या भिंतीपेक्षा उतरता काठ पुराला बरा. पाणी वाढलं की त्याला पसरायला जागा मिळते आणि त्याचा जोर कमी होतो. श्रमदानाला नागरिक आले, विद्यार्थी आले. जागतिक पातळीवर शहरांसाठी दिल्या जाणाऱ्या ‘डब्ल्यूआरआय रॉस सेंटर’ पुरस्काराच्या २०२३-२४ च्या फेरीत अंतिम पाचांत खामचं नाव होतं. ज्या नदीला शहर नाला म्हणत होतं, तिच्यासाठी ही मजल लहान नाही.

तरीही एक प्रश्न उरतो, आणि तो थोडा अडचणीचा आहे. श्रमदानाला लोकांना बोलावलं जातं. नकाशा काढताना बोलावलं जातं का?

महाराष्ट्रात नदीकाठी बांधकामाला मर्यादा घालणाऱ्या दोन रेषा आहेत. सरासरी २५ वर्षांतून एकदा येईल अशा पुराची पातळी म्हणजे निळी रेषा. शंभर वर्षांतून एकदा येईल अशाची लाल. निळ्या रेषेच्या आत निषिद्ध क्षेत्र, निळ्या आणि लाल रेषांच्या मधलं नियंत्रित क्षेत्र. पाटबंधारे खात्याचं यासंबंधीचं परिपत्रक १९८९ चं आहे. या रेषा गणितानं येतात आणि गणित हवंच. पण पात्राची रुंदी, पुलांची मोरी, मध्येच उभी राहिलेली संरक्षक भिंत हे सगळं गणितात धरलं आहे की नाही, ते काठावरच्या माणसाला विचारल्याशिवाय कळत नाही. कुठल्या दाराच्या चौकटीला पाणी कितव्या बिजागरीपर्यंत टेकलं होतं, ते घरातल्या आजीला पाठ असतं. कुठली भिंत आडवी आली म्हणून पाणी मागच्या गल्लीत वळलं, ते कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याला ठाऊक असतं. चेंबरचं झाकण आधी कुठं उडतं, हे सफाई कामगाराइतकं नेमकं कुणी सांगू शकत नाही. या खुणा जागेवर जाऊन मोजल्या आणि नकाशावर चढवल्या, तर अभियंत्याला फुकटात मिळणारी माहिती आहे ती.

सध्याच्या रीतीत लोकांची पाळी येते ती ‘हरकती व सूचना’ या टप्प्यावर. आराखडा तयार झालेला असतो, मुदत मोजकी, भाषा सरकारी. ज्याचं घर जातंय तो हरकत घेतो. ज्याच्या घरात पाणी येतं त्याला आराखडा निघाल्याचाही पत्ता नसतो.

कायद्यात दुसरी वाट आहे. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीनं तीन लाखांवरच्या शहरांना प्रभाग समित्या बंधनकारक केल्या. महाराष्ट्रानं २००९ मध्ये क्षेत्रसभेची तरतूदही केली. गावात ग्रामसभा, तशी शहरात मतदारांची सभा. प्रत्यक्षात ती बहुतेक शहरांत कागदावरच राहिली. इथं तर एप्रिल २०२० मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि पुढे पाच वर्षांहून अधिक काळ प्रशासकाचा कारभार चालला. खामचं काम उभं राहिलं ते नेमकं याच काळात. निर्णय झटपट झाले, हे मान्य. पण गल्लीतल्या माणसानं तक्रार घेऊन जावं असा नगरसेवकही त्या वर्षांत नव्हता.

मे २०२४ मध्ये शहराचा नदी व्यवस्थापन आराखडा जाहीर झाला. कानपूर, अयोध्या यांच्यासोबत असा आराखडा करणाऱ्या देशातल्या पहिल्या काही शहरांत हे शहर आहे. ज्या राष्ट्रीय चौकटीवर तो बेतला आहे, तिच्या दहा उद्दिष्टांत पहिलंच पूरक्षेत्रातल्या बांधकामांवर नियंत्रणाचं आहे. दोन उद्दिष्टं नागरिकांची आहेत: एक त्यांची वागणूक बदलण्याचं, दुसरं त्यांना नदीच्या कारभारात सामील करून घेण्याचं. पहिल्यासाठी फलक आणि शपथा पुरतात. दुसऱ्यासाठी अधिकाऱ्यांना नकाशा घेऊन भीमनगर-भावसिंगपुऱ्यापासून बेगमपुऱ्यापर्यंत वस्तीत बसावं लागेल.

असं न केल्यानं काय होतं, ते पुण्यात दिसलं. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री कात्रजकडून आलेल्या आंबिल ओढ्यानं सीमाभिंती फोडल्या आणि त्या पुरानं वीसहून अधिक माणसांचा बळी घेतला. पुढं जून २०२१ मध्ये ओढ्याच्या कामासाठी दांडेकर पुलाजवळची घरं पाडायला यंत्रं आली, ती भर पावसाळ्यात आणि कोरोनाच्या काळात. रहिवाशांनी विरोध केला आणि त्याच दिवशी कारवाई थांबवावी लागली. ओढ्याला जागा द्यायलाच हवी होती. पण कुणी कुठं जायचं, हे जाणाऱ्यांना विचारून ठरलेलं नव्हतं, अशी तिथल्या लोकांची तक्रार होती.

उलट उदाहरण नेदरलँड्सचं. १९९३ आणि १९९५ मध्ये तिथल्या नद्या फुगल्यावर सरकारनं बांध उंचवत नेण्याऐवजी ‘नदीला जागा’ देण्याचं धोरण घेतलं. ओव्हरडीप नावाच्या भागातल्या शेतकऱ्यांना कळलं की आपली जमीन पुराच्या पाण्यासाठी लागणार. त्यांनी स्वतःच योजना मांडली: नदीकडचा बांध ठेंगणा करा, मोठ्या पुरात पाणी शेतात येऊ द्या आणि आमची घरं-गोठे मागे नव्या बांधालगत मातीच्या उंचवट्यांवर बांधून द्या. काहींना गाव सोडावं लागलं, हेही खरं. पण आराखडा त्यांचा होता आणि २०१५ मध्ये तो पुरा झाला. तिथला पैसा आणि इथला पैसा यांची तुलना करण्यात अर्थ नाही. आधी विचारायला मात्र पैसा लागत नाही.

खामपुरतं बोलायचं तर आणखी एक गुंता आहे. नदी महापालिकेची हद्द सोडते, छावणीत शिरते, पुढं उद्योगनगरी आणि ग्रामपंचायतींच्या हद्दीतून जाते. वरच्यांनी काठ सिमेंटनं बांधून पाणी वेगानं पुढं ढकललं, तर तो पूर खालच्यांच्या दारात जातो. म्हणून सभा एका वॉर्डाची भरवून भागणार नाही. हर्सूलच्या आणि वाळूजच्या माणसांना एका सतरंजीवर बसवावं लागेल.

पावसाळा तोंडावर यायच्या आत वाचकांनी आपल्या वॉर्ड कार्यालयात जाऊन एकच प्रश्न विचारावा: आमच्या गल्लीतून निळी रेषा कुठून जाते? उत्तर तोंडी मिळालं तर लेखी मागा, आणि जाताना गेल्या पुरात भिंतीवर उमटलेल्या ओलीचा फोटो सोबत न्या.