अकरा महिने, चार पोरं आणि एक टू-बीएचके

प्लेसमेंटचा सीझन संपत आला की आमच्या रूमवर गर्दी वाढते. मी नोकरी सोडून एम.टेक.साठी याच कॉलेजात, याच हॉस्टेलात परत आलेला 'म्हातारा'. त्यामुळे फायनल इयरची पोरं जेवणानंतर येऊन खाटेवर बसतात आणि एकच प्रश्न विचारतात, "दादा, पुण्यात फ्लॅट कसा घ्यायचा?" दरवेळी तेच सांगून घसा बसतो. म्हणून म्हटलं, यंदा मॅगेझीनमध्येच लिहून टाकू.

तर मित्रांनो, २०२२ च्या जुलैमध्ये आम्ही चौघं हडपसरला, मगरपट्टा सिटीच्या सायबरसिटीत कामाला लागलो. पहिला महिना गाडीतळाजवळ एका खोलीत काढला. अंतर म्हणाल तर तीन-साडेतीन किलोमीटर, पण सकाळी नऊला सोलापूर रस्ता म्हणजे काय चीज आहे ते तिथे उभं राहिल्याशिवाय कळत नाही. आत टाऊनशिपमध्ये राहणारे मात्र हातात कॉफीचा मग घेऊन चालत ऑफिसला यायचे. ते बघून आमचंही ठरलं की राहायचं तर आतच.

मगरपट्टा सिटी काय आहे ते आधी थोडं सांगतो, कारण पुढे त्याचा संबंध येणार आहे. चारशे एकरांहून मोठी ही जागा एके काळी सगळी शेती होती. पुणे वाढत हडपसरपर्यंत आलं तेव्हा तिथल्या सुमारे १२० शेतकरी कुटुंबांनी, त्यातली बरीचशी मगर आडनावाची, जमीन तुकड्या-तुकड्याने बिल्डरला विकायची नाही असं ठरवलं. सतीश मगर यांच्या पुढाकाराने त्यांनी सगळ्या जमिनी एकत्र केल्या, स्वतःचीच कंपनी काढली आणि ज्याची जितकी जमीन त्या प्रमाणात त्याला हिस्सा दिला. २००० साली बांधकामाला सुरुवात झाली. म्हणजे जमीन गेली आणि हातात नुसते पैसे राहिले, असं इथे झालं नाही. आज आत ऑफिसं आहेत, शाळा आहे, दवाखाना आहे, मधोमध मोठी बाग आहे. वसाहतींची नावं सगळी फुलाझाडांची: डॅफोडिल्स, कॉसमॉस, झिनिया, जॅस्मिनियम. पहिले काही दिवस पत्ता सांगताना बॉटनीची तोंडी परीक्षा चालू आहे असंच वाटायचं.

घर शोधायला लागल्यावर एजंटचा पहिला प्रश्न भाड्याचा नसतोच. "बॅचलर का फॅमिली?" हा असतो. बॅचलर म्हटलं की आवाज उतरतो. एका ठिकाणी आम्हाला फ्लॅट पसंत, मालकाला आम्ही पसंत, पण खालच्या ऑफिसातून निरोप आला की चार मुलं नकोत. (चार मुलं म्हणजे जणू चार दरोडेखोर!) शेवटी पाचव्या एजंटने एक टू-बीएचके दाखवला. भाडं ३८,००० रुपये, डिपॉझिट १,२०,०००, शिवाय एजंटला एक महिन्याचं भाडं. माणशी साडेनऊ हजार भाडं झालं. त्यातून रोजचे येण्या-जाण्याचे दीड तास वाचणार होते. आम्ही हो म्हटलं.

मालक परगावी होते. एजंट म्हणाला, "अकरा महिन्यांचंच ॲग्रीमेंट आहे, रजिस्टर करायची गरज नाही. स्टॅम्प पेपरवर नोटरी करू, एका दिवसात चावी." आम्हाला चावीची घाई. सह्या केल्या. थर्मोडायनॅमिक्सच्या पेपरला प्रश्न न वाचता उत्तर लिहिणारी आमची जात, चार पानांचं ॲग्रीमेंट कोण वाचणार?

राहायला मात्र खरोखर छान होतं. छपरावर सोलर हीटर असल्यामुळे सकाळी गरम पाणी यायचं, फक्त आठच्या आत उठायला हवं. ओला कचरा वेगळा, सुका वेगळा. पहिल्याच आठवड्यात मावशींनी आमचा डबा परत दारात ठेवून आम्हाला शिकवलं. संध्याकाळी बागेत चालायला जायचं, तिथे आपल्या मॅनेजरला हाफ पँटीत बघायचं. गेटवर प्रत्येक पाहुण्याची नोंद व्हायची. आमच्यातल्या अकलूजवाल्याचे वडील एकदा डोक्याला पटका बांधून, पिशवीत डाळिंबं घेऊन आले, तर वॉचमनने त्यांना दहा मिनिटं उभं केलं आणि मागून आलेली मोठी गाडी न विचारता आत सोडली. गंमत म्हणजे तो वॉचमन स्वतः बीडकडचा शेतकऱ्याचा पोरगा होता. नंतर त्याची आमची चांगली दोस्ती झाली, पण ते दृश्य डोक्यातून गेलं नाही.

आठवा महिना चालू असताना मालकांचा फोन आला. त्यांचे कुणी नातेवाईक राहायला येणार, तरी पंधरा दिवसांत घर खाली करा. शिवाय रंगकाम आणि साफसफाईचे ६०,००० रुपये डिपॉझिटमधून कापणार. आम्ही गप्पच झालो. अकलूजवाल्याचे तीस हजार त्याच्या वडिलांनी उसाच्या बिलातून दिले होते आणि ते पैसे त्यांना बहिणीच्या फीसाठी जूनमध्ये परत हवे होते. तो रात्रभर गॅलरीत बसून होता.

दुसऱ्या दिवशी आमच्यापैकी एकाच्या मामांना फोन लावला. मामा वकिली करतात. त्यांनी पहिलं विचारलं, "इंडेक्स टू कुठाय?" आम्ही म्हटलं, ते काय असतं? त्यानंतर अर्धा तास त्यांनी जी शाळा घेतली, तीच आता तुम्हाला सांगतो.

अकरा महिन्यांची भानगड मुळात जुनी. १९०८ च्या नोंदणी कायद्यानुसार एक वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा रजिस्टर करावा लागतो, म्हणून लोकांनी अकरा महिन्यांची पळवाट काढली. पण महाराष्ट्रात ती पळवाट बंद होऊन पाव शतक झालं. 'महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९' हा कायदा ३१ मार्च २००० पासून लागू आहे. त्याच्या कलम ५५ प्रमाणे प्रत्येक भाडेकरार किंवा लीव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा. मुदत अकरा महिने असो नाहीतर अकरा दिवस. नोटरीचा शिक्का म्हणजे नोंदणी नव्हे. नोंदणी करून घ्यायची जबाबदारी कायद्याने मालकावर टाकली आहे आणि ती न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे.

आमच्या कामाचं वाक्य पुढे होतं. नोंदणीकृत लेखी करार नसेल, तर घर कोणत्या अटींवर दिलं होतं याबद्दल राहणाऱ्याचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत. म्हणजे नोंदणी चुकवून मालकानेच आपली बाजू लंगडी करून ठेवली होती.

पण मामांनी लगेच लगामही खेचला. "विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, हे चार वेळा वाचा," म्हणाले. मालकाकडे व्हॉट्सॲपवरचे तुमचे मेसेज असतील, सही केलेला कागद असेल, तर तो ते पुढे करणारच. आणि हक्क आहे म्हणून घर अडवून बसू नका. कारण आपण लीव्ह अँड लायसन्सवर राहतो तेव्हा 'भाडेकरू' नसतोच, नुसते परवानगीने राहणारे असतो. मुदत संपली की कलम २४ खाली मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाऊन घर परत मागू शकतो आणि नंतर राहिलेल्या दिवसांचे दुप्पट पैसे भरावे लागतात. कायदा इतका मालकाच्या बाजूने का, तर त्यालाही इतिहास आहे. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने भाडी गोठवली, घरं वर्षानुवर्षं अडकली. म्हणून मालक भाडेकरू न ठेवता लायसन्सवाले ठेवायला लागले. मग १९७३ च्या दुरुस्तीने त्या वर्षीच्या १ फेब्रुवारीला राहत असलेल्या लायसन्सवाल्यांनाही भाडेकरूचं संरक्षण मिळालं. तेव्हापासून घरमालकांच्या मनात जी धास्ती बसली, ती १९९९ च्या कायद्याने घालवायचा प्रयत्न केला. म्हणजे मालक सगळेच खलनायक असतात असं नाही, हे मला तेव्हा पहिल्यांदा पटलं.

आम्ही मामांच्या सांगण्यावरून एक साधं, सभ्य पत्र लिहिलं. करार अकरा महिन्यांचा ठरला होता, रंगकामाची रक्कम ठरलेली नव्हती, नोंदणी झालेली नाही, कलम ५५ बघावं. सोबत राहायला आलो त्या दिवशीचे भिंतींचे फोटो. हे फोटो सुदैवाने एकाने घरच्यांना दाखवायला काढले होते, अक्कल म्हणून नव्हे! चार दिवसांनी मालकांचा फोन आला, आवाज बराच मऊ. आम्ही दोन महिन्यांत घर सोडलं, आठ हजार रंगासाठी दिले (एका भिंतीवर डार्टबोर्डची भोकं आमचीच होती) आणि उरलेले १,१२,००० परत मिळाले. बहिणीची फी वेळेत गेली.

आता इंजिनीयर आहात तर हिशेबही बघा. रजिस्टर केलं असतं तर खर्च किती? अकरा महिन्यांचं भाडं ४,१८,०००. डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के व्याज धरायचं, अकरा महिन्यांचं ११,०००. बेरीज ४,२९,०००. त्यावर मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के, म्हणजे सुमारे १,०७३ रुपये. शहरी भागात नोंदणी फी १,०००. चौघांत वाटले तर माणशी साधारण सव्वापाचशे, वर ऑनलाइन नोंदणी करून देणाऱ्याची फी. बहुतेक ठिकाणी हा खर्च निम्मा-निम्मा करतात. एवढ्यासाठी आम्ही सव्वा लाख टांगणीला लावले होते.

सोसायटीचं म्हणाल तर, फ्लॅट भाड्याने दिला म्हणून सहकारी सोसायट्या मालकाकडून जादा आकार घेतात. २००१ च्या सरकारी आदेशाप्रमाणे तो सेवाशुल्काच्या १० टक्क्यांवर जाऊ शकत नाही. त्यामुळे "सोसायटी बॅचलरचे जादा पाच हजार घेते" असं कुणी सांगितलं की पावती मागायची. पोलीस ठाण्याला भाडेकरूची माहिती देणं हे काम वेगळं, करार रजिस्टर झाला म्हणून ते आपोआप होतं असं समजू नका. नोटिशीचा काळ, रंगकामाचा आकडा आणि डिपॉझिट किती दिवसांत परत, या तीन ओळी कागदावर आहेत का एवढं तरी सहीच्या आधी बघा.

दुसरं घर आम्हाला त्याच टाऊनशिपमध्ये, त्या वॉचमनच्या ओळखीने मिळालं. मालकीणबाई सत्तरीच्या आजी, नऊवारीतल्या. जमीन दिलेल्या कुटुंबांपैकीच एका घरातल्या. खिडकीतून पार्किंगकडे बोट करून म्हणाल्या, "तिथं आमची विहीर होती बघा." बॅचलर का फॅमिली हे त्यांनी विचारलंच नाही. "जेवायचं काय करता?" एवढंच विचारलं. आणि आम्ही तोंड उघडायच्या आत म्हणाल्या, "कागद रजिस्टर करायचा हं, नातू येईल मशीनवाल्याला घेऊन."

मशीनवाला आला. आमचे चौघांचे अंगठे पटापट झाले. आजींचा काही केल्या उमटेना. आयुष्यभर खुरपं धरून रेषाच झिजल्या होत्या. ओला फडका फिरवला, तेल पुसलं, दुसरा हात घेतला. शेवटी डाव्या हाताच्या करंगळीशेजारच्या बोटाने काम झालं आणि आजी म्हणाल्या, "जमीन दिली तवा तरी एका अंगठ्यात भागलं होतं!"

त्या कराराची प्रत माझ्याकडे फाइलला आहे. नमुना म्हणून ज्याला बघायची असेल त्याने जेवणानंतर रूमवर यावं. झेरॉक्सचे पैसे मात्र आपापले.