पाठ झालं, पण कळलं का?

शेतकरी बंधू-भगिनींनो, संध्याकाळची दिवेलागण झाली आहे. गुरं गोठ्यात आली आहेत, चुलीवर भाकर चढली आहे. देव्हाऱ्यापुढं आजी डोळे मिटून संस्कृत स्तोत्र म्हणते आहे. पाचवीतली नात शेजारी बसून ऐकते आणि मध्येच विचारते, "आजी, हे काय म्हनून राह्यली वं तू? याचा अर्थ काय?" आजी हसून म्हणते, "मले काय मालूम बाई! माझ्या मायनं शिकवलं तसं म्हनतो."

हे घर तुमच्याच गावातलं आहे असं समजा. त्याच गावातल्या बुद्धविहारात पाली वंदना होते. मशिदीत अरबी कुराण वाचलं जातं. जैनांच्या घरी प्राकृत नवकार मंत्र म्हणतात. बुलढाणा जिल्ह्यातल्या एकाच गावात देवाधर्माच्या चार-चार भाषा कानावर पडतात, आणि त्यांतली एकही घरात बोलायची नाही. नातीनं विचारलेला प्रश्न म्हणूनच आपल्या सगळ्यांचा आहे.

तुम्ही म्हणाल, श्रद्धा असली म्हणजे झालं, अर्थ कशाला हवा? श्रद्धेला कोण नाही म्हणतो? पण कर्जाच्या कागदावर न वाचता अंगठा उठवला तर काय होतं, हे आपल्या वाडवडिलांनी सोसलं आहे. कागदात काय आहे ते सावकार सांगेल तेच खरं मानावं लागे. पोथीचंही तसंच आहे. आपल्याला अर्थ ठाऊक नसला की जो सांगेल तो अर्थ आपल्या गळ्यात पडतो.

लोणारपासून रिद्धपूरपर्यंत

हा विचार आपल्या वऱ्हाडात नवा नाही. तेराव्या शतकात महानुभाव पंथाचे चक्रधर स्वामी आपल्या या भागात फिरले. लोणार आणि मेहकर इथल्या त्यांच्या मुक्कामाच्या आठवणी 'लीळाचरित्रा'त आहेत. स्वामी मूळचे गुजरातचे, पण इथल्या लोकांशी ते इथल्या मराठीत बोलले. त्या काळी धर्माचं बोलणं संस्कृतात चाले, आणि संस्कृत बायाबापड्यांच्या वाट्याला येत नसे.

स्वामींच्या मागे नागदेवाचार्य पंथाचे प्रमुख झाले. केशवराज सूरी, म्हणजे केसोबास, हे त्यांचे विद्वान सहकारी. संस्कृतावर त्यांची मोठी हुकमत. त्यांनी संस्कृतात ग्रंथरचना करायचं मनात आणलं तेव्हा नागदेवाचार्यांनी त्यांना अडवलं. पंथातल्या म्हाताऱ्या बायांना ते कळणार नाही, त्या ज्ञानाला मुकतील, एवढंच त्यांचं कारण होतं. केसोबासांनी त्यांचा शब्द मानला. पंडिताच्या विद्वत्तेपेक्षा म्हातारीचं समजणं मोठं मानलं गेलं, ही गोष्ट आपण विसरू नये. पुढं १२९० साली नेवाशाला ज्ञानेश्वरांनी गीतेचा अर्थ मराठीत सांगितला, तो याच वाटेवर.

एका आईचं मागणं

दुसरी गोष्ट विनोबा भाव्यांच्या आईची. रुक्मिणीबाई बडोद्याला राहत. गीतेवरचं प्रवचन ऐकून आल्या, पण संस्कृत श्लोक काही कळेना. त्यांनी मुलाला मराठी गीता आणायला सांगितली. विनोबांनी गद्य भाषांतर आणलं, तर आईला ओव्या-श्लोकांची गोडी, तिला पद्य हवं होतं. मग वामन पंडितांची समश्लोकी आणून दिली. तीही जड वाटली. तेव्हा आई म्हणाली, तूच का नाही करत?

१९१८ साली ती माउली वारली. तिचं मागणं मात्र मुलाच्या मनात राहिलं. ७ ऑक्टोबर १९३० ला विनोबांनी 'गीताई' लिहायला घेतली आणि ६ फेब्रुवारी १९३१ ला संपवली. तयारीला बारा वर्षं आणि लिहायला चार महिने लागले. वर्ध्याच्या गीताई मंदिरात तिचे श्लोक दगडांवर कोरलेले आहेत.

तिसरी गोष्ट १४ ऑक्टोबर १९५६ ची, नागपूरची. विदर्भातल्या गावागावांतून माणसं दीक्षाभूमीवर लोटली होती. भिक्खू चंद्रमणी महास्थवीर यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना त्रिशरण-पंचशील दिलं ते पालीत. मग बाबासाहेबांनी समोरच्या लोकांना बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्या मराठीत. माणूस जन्माची शपथ घेतो आहे, तेव्हा ती त्याला शब्दन् शब्द समजली पाहिजे. मूळ पालीचा मानही राहिला आणि शपथ ज्याच्या त्याच्या भाषेत झाली.

मग मूळ भाषा सोडून द्यावी का?

नाही, तसं मुळीच नाही. मूळ शब्दाला त्याचा नाद असतो, आणि पिढ्यान्‌पिढ्या तो म्हणणाऱ्यांची माया त्यात साठलेली असते. मुसलमान बांधव नमाज अरबीतच पढतो. चीनमधला मुसलमान मलकापूरच्या मशिदीत उभा राहिला, तरी त्याला तेच शब्द ओळखीचे वाटतात. शिवाय भाषांतर करणारा माणूसच असतो. त्याच्याकडून काही सुटतं, काही वाढतं. मूळ जवळ असलं म्हणजे ताडून पाहता येतं.

याच विचारानं विनोबांनी चाळिशी उलटल्यावर अरबी शिकायला घेतली. आपल्या मुसलमान शेजाऱ्याचं मन समजायचं तर त्याचं कुराण त्याच्याच भाषेत वाचलं पाहिजे, असं त्यांना वाटलं. पवनारच्या आश्रमात राहून, अक्षरापासून सुरुवात करून ते कुराण वाचू लागले. त्यांचं अरबी पठण ऐकून मौलाना आझादही चकित झाले. पुढं त्यांनी कुराणातली निवडक वचनं काढून 'कुराण-सार' केलं, आणि पालीतल्या धम्मपदाचीही नवी मांडणी केली.

आपल्या जिल्ह्यात होळीच्या सुमारास सैलानीची यात्रा भरते. हिंदू, मुसलमान, बौद्ध सगळे जातात. तिथं फातिहा पढताना आपण हात जोडून उभे राहतो. पण तिचा अर्थ विचारला आहे का कधी? सात वचनांची ती प्रार्थना आहे. साऱ्या विश्वाच्या पालनकर्त्याची स्तुती करावी आणि आम्हाला सरळ वाट दाखव असं मागावं, एवढंच तिचं सार आहे. आपल्या हरिपाठ म्हणणाऱ्या आजीला यात परकं काय वाटेल? दुसऱ्याच्या पोथीत काय लिहिलं आहे ते माहीत नसलं की पारावर कुणीही काहीही सांगतो आणि आपण ते खरं धरतो. अशा ऐकीव गोष्टींनी माणसामाणसांत, गावागावांत वितुष्ट आलं आहे.

घरी काय करता येईल?

मायबहिणींनो, यासाठी पंडित व्हायची गरज नाही. तुम्ही जे रोज म्हणता तेवढंच घ्या. एका वहीत डाव्या बाजूला मूळ ओळ लिहा, उजवीकडं तिचा साधा मराठी अर्थ. आधी अर्थ वाचा, मग मूळ ओळ मोठ्यानं म्हणा. उच्चार जाणत्याकडून नीट करून घ्या, कारण अरबी किंवा पालीचे शब्द नुसते देवनागरीत वाचून बरोबर येतीलच असं नाही. अडलं तर शाळेतले गुरुजी, भंतेजी, मौलवी, महाराज यांना विचारा. विचारण्यात अश्रद्धा नाही.

वेळ नाही म्हणाल तर हिशेब करून पाहा. गीतेचे सातशे श्लोक आहेत. रोज एक घेतला तरी दोन वर्षांच्या आत सगळी गीता होते. आपण संत्र्याचं झाड लावतो, तेव्हा फळासाठी याहून जास्त वर्षं वाट पाहतोच ना? पंचशील तर पाचच ओळींचं. एका आठवड्यात त्याचा अर्थ घरातल्या लहानथोरांना येईल. कुराणाची आणि धम्मपदाची मराठी भाषांतरंही मिळतात. एखादं गावच्या वाचनालयात मागवून घ्या, आणि शेजारच्या घरचं पुस्तकही एकदा वाचा.

आणि घरात लिहिता-वाचता येत नसलेली म्हातारी असेल, तर वही नातीकडं द्या. आजीनं मूळ ओळ म्हणायची आणि नातीनं अर्थ वाचून दाखवायचा. आजीला साठ वर्षं पाठ असलेलं स्तोत्र तिला पहिल्यांदा कळेल, आणि नातीला ते बसल्या बसल्या पाठ होईल.