समुद्रानें उसना दिलेला रस्ता

2024 सालच्या अखेरीस रेवदंड्याच्या पुळणीवर एक गमतीचें, पण विचार करावयास लावणारें दृश्य दिसलें. कोट्यवधि रुपये किंमतीची एक परदेशी मोटार वाळूंत रुतून बसली होती. शेंकडों घोड्यांची शक्ति असलेलें तिचें यंत्र कांहीं कामास येईना. शेवटीं दोर बांधून एका बैलगाडीनें तिला बाहेर ओढून काढलें. ही हकीकत ऐकून पुष्कळांनीं हसून घेतलें. परंतु कोंकणच्या किनाऱ्यावर मोटारी वारंवार रुततात, आणि भरतीपूर्वीं त्या निघाल्या नाहींत तर हसण्याजोगें कांहीं उरत नाहीं. यंत्राला जें साधलें नाहीं तें दोन बैलांना कसें साधलें, हें समजून घेतलें म्हणजे किनाऱ्यावरील मोटारप्रवासाचें बहुतेक शास्त्र हातीं येतें.

हें शास्त्र लोकांच्या नित्य सरावाचें झालेलें एक स्थळ ऑस्ट्रेलियांत आहे. क्वीन्सलंडच्या पूर्व किनाऱ्यालगत सुमारें 120 किलोमीटर लांबीचें, जगांतील सर्वांत मोठें वाळूचें बेट आहे. फ्रेझर बेट या नांवानें तें पुष्कळांस ठाऊक असेल; 2023 सालीं त्यास तेथील मूळच्या बुचुला लोकांचें ‘गरी’ हें नांव अधिकृतपणें परत मिळालें. ब्रिस्बेनकडील कुटुंबें सुटीला मोटारी तरीवर घालून या बेटावर उतरतात, आणि दोन दिवस हिंडून परततात. पूर्वेकडील अफाट पुळण हाच त्यांचा हमरस्ता. तिच्यावर जाण्यास परवाना लागतो, ताशीं 80 किलोमीटरची वेगमर्यादा आहे, आणि लहान विमानेंहि तेथेंच उतरतात. चारही चाकांना यंत्राची शक्ति पोंचविणारी मोटार तेथें आवश्यक असते. पण चालक अजाण असेल तर तीहि रुतते.

असें होण्याचें कारण वाळूच्या स्वभावांत आहे. भरतीच्या रेषेवरची कोरडी वाळू म्हणजे निव्वळ सुटे कण. त्यांस एकमेकांशीं बांधणारें कांहींच नसतें. चाकाचा भार पडतांच ते बाजूस सरकतात आणि चाक खालीं जातें. ओहोटीनें उघड्या पडलेल्या ओलसर वाळूंत मात्र कणाकणांमध्यें पाण्याचा अत्यंत पातळ पापुद्रा असतो, आणि त्याच्या ताणामुळें कण एकमेकांस धरून राहतात. मुलें किल्ले करतात ते याच वाळूचे. पाणी आणखी वाढून सर्व पोकळ्या भरल्या कीं तो ताण नाहींसा होतो. म्हणून लाटेच्या काठची वाळू गाऱ्याप्रमाणें ढिली पडते. सारांश, अगदीं वरची वाळू दगा देते आणि अगदीं खालचीहि देते. भरवशाचा असतो तो मधला ओलसर पट्टा. तोहि ओहोटीच्या कांहीं तासांपुरताच.

या पट्ट्यावर उतरण्यापूर्वीं जाणता चालक चाकांतील हवा कमी करतो. सडकेवर दर चौरस इंचास 35 पौंडांच्या आसपास असलेला दाब वाळूवर साधारणतः 20 पौंडांपर्यंत आणतात. त्यामुळें चाक जमिनीवर लांबट पसरतें आणि भार अधिक जागेवर वांटला जातो. उंटाच्या पसरट पावलांतील मर्म हेंच होय. वेग एकसारखा ठेवावा. गचका देऊन थांबूं नये, झटकन् वळूं नये. चाक रुतलेंच तर यंत्राचा जोर वाढविणें ही सर्वांत मोठी चूक होय. जागच्या जागीं फिरणारें चाक आपला खड्डा आपणच खणतें. अशा वेळीं खालीं उतरून चाकांभोंवतालची वाळू उपसावी, हवा आणखी थोडी सोडावी, आणि आल्या चाकोरीनें हळूहळू मागें यावें. सडकेवर परततांच मात्र हवा पुन्हां भरावी, कारण नरम चाक वेगानें तापतें.

वाळूइतकेंच वेळेचें ज्ञान महत्त्वाचें. गरीवर भरतीच्या पूर्वीं दोन तास व नंतर दोन तास किनाऱ्यानें जाऊं नये असा सल्ला देतात. शिवाय तेथें गोड्या पाण्याचे ओढे पुळण चिरून समुद्रास मिळतात. ईलाय नांवाचा एकच ओढा ताशीं सुमारें 40 लाख लिटर पाणी ओततो. अशा प्रवाहांनीं पाडलेले चर दुरून दिसत नाहींत, आणि काल सपाट असलेली जागा आज खचलेली असूं शकते. याच किनाऱ्यावर ‘महेनो’ नांवाची आगबोट 1935 सालच्या वादळांत येऊन आदळली. तिचा गंजलेला सांगाडा खाऱ्या पाण्याचा प्रताप सांगत पडला आहे. प्रवासानंतर मोटार खालून गोड्या पाण्यानें धुवावी ती यासाठींच.

आपल्या कोंकणांत भरतीचा अंदाज घेण्याचा आडाखा जुना आहे. तिथीची पाऊणपट केली कीं भरतीची वेळ ढोबळपणें कळते: अष्टमीस सुमारें सहा, पौर्णिमेस किंवा अमावास्येस सव्वाअकरा. या दोन तिथींच्या सुमारास उधाण असल्यानें पाणी फार वर चढतें. तरी जिवाचा प्रश्न असतां छापील कोष्टक पाहावें, आणि गांवच्या कोळ्यास विचारावें.

परंतु येथें आणखी एक गोष्ट ध्यानांत धरली पाहिजे. वेळास, आंजर्लें येथील पुळणींवर हिवाळ्यांत समुद्रकांसवें वर येऊन कोरड्या वाळूंत, एकेका घरट्यांत सुमारें शंभर अंडीं पुरतात. भरती आली म्हणजे गांगरलेला चालक नेमका त्याच वाळूकडे मोटार वळवितो. चाकाखालीं घरटें दडपतें, आणि वाचलेलीं पिलें चाकोरींत अडकून समुद्रास पोंचत नाहींत. गोव्यांत पुळणीवर मोटार नेण्यास बंदी आहे. महाराष्ट्रांतहि ठिकठिकाणीं मनाई आहे. गरीची पुळण हा आंखून दिलेला रस्ता आहे. आपली पुळण तशी नाहीं.

आतां बैलांविषयीं. बैलांचा जोर मोटारीच्या मानानें अल्प. पण त्यांचे खूर जागच्या जागीं फिरत नाहींत. ते वाळूंत रुततात, टेंकतात, आणि संथ, एकसारखी ओढ देतात. वाळूवर उपयोगी पडतें तें बळ याच जातीचें असतें. तें मोटारींत नसतें, चालकाच्या धीरांत असतें. आणि कोंकणांत गेल्यावर तो धीर दाखविण्याची उत्तम रीत म्हणजे मोटार सुरूच्या बनाअलीकडे ठेवून पुळणीवर पायीं उतरणें, ही होय.